दोन ठोके, पुन्हा सांगा

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

शाळेच्या ऑनलाइन वर्गासाठी माझ्या हातानं केलेल्या वस्तू लिहून ठेवतो. उद्या तिथं कंपनीची माणसं नवीन यंत्रं बसवायला येणार. कुणी काही म्हणालं तर कागद बोलेल.

कॅमेऱ्याचा स्टँड — ट्यूबलाइटच्या दोन पट्ट्या आणि सायकलचा पुढचा हब. मान कुठंही वळवा, तिथंच थांबते. बाजारातला तीन दिवसांत मान टाकतो.

माइक, दोन. भजनी मंडळानं फेकलेले. आतली कॅप्सूल नवी, भोवती अर्धा इंच स्पंज.

आवाजाची पेटी. सोल्डरचे ११४ जोड. एकही कोरडा, म्हणजे कच्चा, नाही — प्रत्येक जोड भिंगातून बघितलाय.

बॅटरी. लाइट गेली की तीन तास चाळीस मिनिटं. घड्याळ लावून, तीन वेळा.

मागच्या भिंतीला सोयाबीनची बारदानं, ४१. खोली घुमत नाही. दोनदा धुतली तरी वास आहे, तो मान्य.

आणि फोनची लाइन. शेवटी लिहिली, कारण हीच खरी. पाच साधे बटणाचे फोन एका वेळी वर्गात येतात. पाचच, कारण कॉन्फरन्स कॉलमध्ये पाचच बसतात. ते मी ठरवलेलं नाही.

दिवाळी झाली की आमच्या गावच्या मेंढपाळांची बिऱ्हाडं वसमतकडं उतरतात, होळीपर्यंत तिकडंच. त्यांच्यासोबत यंदा आठवीची सात लेकरं. पूर्वी अशांची शाळा चार महिने बंद असायची. दोन वर्षं झाली, आता दुपारी साडेबारा ते सव्वा, मेंढरं सावलीला बसतात तेव्हा, ही लेकरं फोनवरून गणिताला बसतात, दोन फोनांवर दोघं-दोघं. शिकवतात रागिणी मॅडम, शाळेतून, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. जोडतो मी.

आणि ठोके! ते कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत. ‘समजलं का?’ विचारलं की लेकरं ‘हो’ म्हणतात, समजो न समजो. मोठी माणसंही तेच करतात. म्हणून बोलायचंच नाही. फोनच्या पाठीवर, माइकच्या भोकाजवळ नखानं मारायचं. एक ठोका — समजलं. दोन — पुन्हा सांगा. कुणी मारला ते दिसत नाही, म्हणून लाज नाही. एकोणीस प्रकारांनी मारून बघितलं. बोटाचा आवाज जात नाही, नखाचाच जातो.

हे नववीत शाळा सोडलेल्या माणसानं केलंय. नापास नाही. सोडली. फरक आहे.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

अकरा खोकी आली. सोबत हरीश नावाचा पोरगा — सत्तावीस-अठ्ठावीसचा, संभाजीनगरचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. खोलीत शिरला, बारदानं हुंगली आणि हसला.

‘अंकल, जुगाड भारी है!’

जुगाड! ११४ जोड आणि जुगाड! मी म्हणालो, मी तुझा अंकल नाही. आखाडा बाळापूरला बाजारात पाटी आहे, मुंजाजी रेडिओ-टीव्ही, तीस वर्षांची. वाचता येत असेल तर वाचून ये.

संतोष सर मध्ये पडले. हेडमास्तर आहेत, मध्ये पडणं हेच त्यांचं काम. ‘मुंजाभाऊ, पाव्हणे आहेत. जरा चहा सांगा.’

चहा सांगा! दोन वर्षं तारा ओढायला फुकट शाळेच्या पत्र्यावर चढलो तेव्हा मी कोण होतो?

पोरानं माझ्या पेटीचं झाकण न विचारता उघडलं. बराच वेळ उकिडवा बसून बघत होता. ‘सर्किट कुणाकडून शिकलात?’ ‘कुणाकडून नाही,’ म्हणालो. तेवढं एक वाक्य आज मनासारखं बोललो.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बारदानं उतरवली. जागी करड्या रंगाचे तक्ते चिकटवलेत. एक आत्ताच कोपऱ्यातून सुटलाय — दाखवला नाही. त्यांचं ते बघतील.

माझा स्टँड व्हरांड्यात. कुणीतरी त्याला दप्तर अडकवलंय.

नवीन वेळापत्रक: गणित सकाळी दहाला. आजूबाजूच्या दोन शाळाही पडद्यावर जोडल्या जाणार, म्हणून दहा. दुपारी मॅडमनी कंपनीच्या ॲपमध्ये हजेरी आणि फोटो भरायचे. जेवणाची सुट्टी गेली. म्हणजे दुपारचा वर्ग गेला.

सरांना म्हणालो, ‘दहाला मेंढरं चालत असतात. लेकरू मेंढरामागं पळील का गणित करील?’

‘मग मेंढरं दहाला बसवा की!’

सगळी खोली हसली. हरीश हसला नाही. समजलं नसेल त्याला.


सोमवार, २४ नोव्हेंबर

दहाचा वर्ग. पाचही फोन लावले. दोन बंद. दोन उचलले नाहीत. पाचव्यावर नुसता वारा आणि ग्यानबाचं ओरडणं — ‘हुर्र! हुर्र! अगं वैष्णवे, हरभऱ्यात शिरून राहिली ना ती! फोन ठिव आन् पळ!’

वैष्णवी त्याची पोरगी. फोन ठेवला नाही, तसाच कमरेला खोचून पळाली असावी. चार मिनिटं तिचा दम ऐकला. मॅडम पडद्याकडं बघत वर्गमूळ सांगत होत्या.


बुधवार, २६ नोव्हेंबर

भांडून दुपारचे आठ दिवस मिळवले. ‘चालवून बघा,’ सर म्हणाले, ‘पण लाइन त्यांच्या पेटीतून. दोन-दोन पेट्या नकोत.’ मॅडमनी हजेरी भरत-भरत शिकवायचं कबूल केलं. डबा उघडलाच नाही त्यांनी.

पाचही फोन आले. मॅडमनी विचारलं, ‘समजलं का?’

काही नाही. एकही ठोका नाही.

मॅडम थांबल्या, माझ्याकडं बघितलं, पुढं गेल्या. पुन्हा विचारलं. काही नाही. दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

वर्ग संपल्यावर वैष्णवीला लावला. चिडली होती. ‘दोन मारले. चारदा मारले. मॅडम पुढंच गेल्या. आमी काय हितं भाकऱ्या थापायला बसलो व्हय?’


गुरुवार, २७ नोव्हेंबर

पेटीच्या आधी कान लावला: ठोका येतो. पेटीच्या पुढं: येत नाही. पन्नास ठोके मारले. पन्नासच्या पन्नास गिळले.

वारा गेला, मेंढरांचं बें-बें गेलं, ठोका गेला. माणसाचं बोलणं तेवढं उरतं. यंत्राला वाटतं, जे बोलत नाही ते घाण.

हरीशला फोन केला. ‘अंकल, वो नॉइज कॅन्सलेशन है. फालतू आवाज काढून टाकतो. चांगलंच आहे ना?’

‘तुझं चांगलं सात लेकरांचं तोंड दाबून राहिलं.’

‘ते वरून बंद करावं लागतं. पासवर्ड माझ्याकडं नाही. मेल टाकतो मी, खरंच टाकतो.’

खरंच टाकतो म्हणे. ज्याला बंद करता येत नाही त्यानं चालू काहून करावं?


मंगळवार, २ डिसेंबर

वरचे साहेब आले, तिघं. त्यांना मेंढरांमागची लेकरं ऐकायची होती, म्हणून आज दुपारच्या वर्गाचं सगळ्यांनाच कौतुक! संतोष सरांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला.

मॅडमनी गुणोत्तर शिकवलं. लाल झाल्या होत्या, पण शिकवलं. मग नेहमीसारखं — ‘समजलं का?’

शांतता.

‘कमाल आहे,’ एक साहेब म्हणाले. ‘रानात बसलेत आणि मेंढराचासुद्धा आवाज नाही!’

संतोष सर: ‘एकालाही शंका नाही, साहेब.’

मी मागं उभा होतो. म्हणालो, ‘साहेब, त्यांना समजलं नाही म्हणून ते आत्ता मारून राहिले असतील. तुमची पेटी ते—’

‘हे कोण?’

‘गावातले आहेत,’ सर म्हणाले. नाव नाही, काम नाही. गावातले! शिपायानं दंडाला धरून बाहेर आणलं. व्हरांड्यात मी आणि माझा स्टँड, दोघं शेजारी-शेजारी उभे.


बुधवार, ३ डिसेंबर

पेटी, बॅटरी, लाइन — माझं जेवढं होतं तेवढं सगळं काढून आणलं. रिक्षात भरताना मॅडम आल्या.

‘मुंजाजीभाऊ, लाइन नेली तर उरलंसुरलंही गेलं. निदान माझा आवाज तरी पोचत होता त्यांना.’

‘ठोका न ऐकणारी लाइन म्हणजे बहिरा मास्तर. त्यापेक्षा मास्तर नसलेला बरा.’

त्यांनी बारदानांची गठडी उचलून दिली.

बराबर केलं मी.


गुरुवार, ४ डिसेंबर

संतोष सर दुकानी. मोबाइलचं कव्हर घ्यायचं निमित्त. कव्हर बघता-बघता: ‘मग, दुपारचा वर्ग आता दुकानात का? काय शिकवणार, टीव्ही?’

चार गिऱ्हाइकं बसलेली. डोकं फिरलं.

म्हणालो, ‘फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. त्याच्या आधी, अकरा जानेवारीला, तुमचा सराव पेपर आहे. पंचाहत्तर मार्कांचा. सातपैकी पाच लेकरं तीसच्या वर आणून दाखवतो. आणली तर मॅडमची दुपार परत द्यायची, आणि लाइन माझ्या पेटीवरून. फेब्रुवारीपर्यंत.’

‘आणि नाही आणली तर?’

‘तर दुपारच्या वर्गाचं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही.’

‘लिहून द्या.’

दिलं. तारखेसकट. सही मोठी केली.

घरी सांगितलं. बायको, आशा, पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. ‘लेकरांच्या जिवावर शर्यत लावली व्हय? पेपर तुमी देणार का?’

हिला कधीच पटलं नाही काही. घरचा रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन दुरुस्त केला तेव्हाही नाही.


सोमवार, ८ डिसेंबर

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. बारदानं टीव्हींच्या मागं टांगली. बारा एकोणतीसला लाइन लावली. पाचही फोन आले!

नियम सांगितले. मी ‘हे’ आणि ‘ते’ म्हणणार नाही. फोनवर ‘हे’ दिसत नाही. आधी बोलणार, मग तुम्ही लिहिणार. मॅडमना हे मीच शिकवलंय — पहिले दोन महिने त्या ‘हे इथं घेतलं, ते तिथं गेलं’ करायच्या. रागवायच्या माझ्यावर. नंतर त्यांनीच वहीवर लिहून ठेवलं होतं, ‘हे–ते बंद’.

शेकडेवारी. वैष्णवी विसांवर मोजते, बापाचं ऐकून — मेंढरं विसांवरच मोजतात. शंभर म्हणजे पाच विसा. म्हणालो, मग वीस टक्के म्हणजे पाच विसांतली एक. ती म्हणाली, ‘हाव! मंग सरळ सांगायचं ना तसं.’

समजलं का?

ठक. ठक. ठक. ठक. ठक.

कुठल्याही शाळेत एवढं स्वच्छ उत्तर येत नाही. बी.एड. लागतं म्हणे याला.


शुक्रवार, १२ डिसेंबर

लाइट नाही. बॅटरीवर पूर्ण वर्ग. कंपनीचा पडदा आज काळा होता असं कळलं. दोन कप चहा प्यायलो.


रविवार, १४ डिसेंबर

ग्यानबाच्या बिऱ्हाडावर जाऊन आलो, वसमतच्या अलीकडं. त्यांच्या फोनची बॅटरी फुगलेली. बदलून दिली. कापूस वेचून झालेल्या रानात मेंढरं बसवलेली — रात्रभर बसवायची, मालकाला खत, यांना ज्वारी.

ग्यानबानं घोंगडं टाकलं. ‘बसा मिस्त्री. पोरगी फोनात डोकं घालून बसती दुपारी, मेंढरं माझ्या गळ्यात. हून तरी काय राहिलं तिला?’

‘तीस मार्क पडतील.’

‘तीस मार्कात किती मेंढरं येत्यात?’

हसला आपला आपणच. मग म्हणाला, ‘तुमच्या त्या पेपरापावतुर बसू देतो तिला. पास झाली तर तिच्या मावशीकडं, पारुबाईकडं ठिवीन गावात, म्हयनाभर. परीक्षा हुईस्तोवर. नाही झाली तर मंग चाल आपली, मेंढरांमागं.’

वैष्णवी लांबूनच बोलली, कोकराला पकडून. ‘तुमी लई जोरात बोलता.’

‘लाइनवर आवाज चढवावा लागतो.’

‘मॅडम न्हाई चढवत. आन् दोन मारले की मॅडम दुसऱ्या तऱ्हेनं सांगायच्या. तुमी तेच परत सांगता, आजून जोरात.’

हे पोरगं हुशार नाही. सातांत सगळ्यात सावकाश तीच. कुठला ठोका कुणाचा ते मला कळतं, नख वेगळं पडतं प्रत्येकाचं. सांगत नाही कुणाला. दोन ठोके जेवढे येतात त्यातले निम्मे हिचे. आणि मला शिकवते!

येताना बसमध्ये उभा.


शुक्रवार, १९ डिसेंबर

सरासरी वेग. पुस्तकातली मोटार सोडून दिली, मेंढरं घेतली. कळप जाताना ताशी दोन किलोमीटर चालतो, त्याच वाटेनं परत येताना ताशी तीन. सरासरी किती? दोन अधिक तीन पाच, भागिले दोन, अडीच. दीड मिनिटात झालं.

चार फोनांवरून एक-एक ठोका. मग दोन. तिचेच.

पुन्हा सांगितलं. दोन अधिक तीन, भागिले दोन.

दोन ठोके.

मग तोंडानं बोलली, नियम मोडून. ‘पर जायाला येळ जास्त लागतो ना.’

म्हणालो, वेळ विचारलाच नाही, वेग विचारलाय. सरासरी म्हणजे मधला. अडीच. बराबर आहे, लिहून घे.

दोन ठोके.

‘वैष्णवी, तुझ्या एकटीसाठी सहा जण थांबलेत. लिहून घे म्हणतो ना!’

 मग एक ठोका.

असल्यांना थोडा धाक लागतो. पुढचं गणित घेतलं.


शुक्रवार, २६ डिसेंबर

पुस्तक संपलं! मॅडमच्या वेळापत्रकापेक्षा अकरा दिवस आधी.

मॅडमचा निरोप आला, एका पोराच्या हाती चिठ्ठी — ‘भाऊ, लेकरांच्या वह्या एकदा मला दाखवा. पेपरच्या आधी नजर फिरवते.’

गरज नाही, म्हणून उलट चिठ्ठी पाठवली. माझ्या पेटीचं झाकण आता कुणी उघडायचं नाही.


शनिवार, ३ जानेवारी २०२६

उजळणी. शंभर प्रश्न तोंडी. दोन ठोके आता येतच नाहीत. आठवडाभर एकदाही नाही. इतकं पक्कं झालंय.


रविवार, ११ जानेवारी

पेपर. सातही लेकरं सकाळच्या एसटीनं आली. वैष्णवीच्या अंगावर शाळेचा ड्रेस, आखूड झालेला. ग्यानबा सोबत, फेटा धुतलेला.

मी फाटकाबाहेर. आत जायची मला मनाई नाही, पण गेलो नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, वेगाचं गणित आलं होतं का? ‘दोन आले,’ ती म्हणाली. ‘तुमी सांगितलं तसंच केलं.’

शाबास म्हणालो.


मंगळवार, १३ जानेवारी

एक्केचाळीस. अडतीस. छत्तीस. तेहतीस. चौघं तीसच्या वर. नंतर बावीस, एकोणीस.

वैष्णवी अठ्ठावीस.

निकाल सरांनी नाही, मॅडमनी आणून दिला, दुकानात. मी लगेच म्हणालो, तपासण्यात गडबड आहे, कंपनीवाल्यांनी तपासलं असेल. ‘मी तपासलेत,’ मॅडम म्हणाल्या. पिशवीतून पेपर काढले. सातही काउंटरवर पसरले, टेस्टरच्या बाजूला.

चौदावा प्रश्न, पंधरावा प्रश्न. दोन-दोन मार्क. मोटारसायकल ताशी चाळीसनं जाते, साठनं परत येते. सातही लेकरांचं उत्तर पन्नास. पंधराव्यातही तीच चूक. दोन्हींत सातही जणांना शून्य.

‘पन्नासच येतं,’ मी म्हणालो.

‘भाऊ, अंतर एकशे वीस धरा.’

‘अंतर दिलेलंच नाही.’

‘धरा.’

धरलं. जाताना तीन तास. येताना दोन. दोनशे चाळीस किलोमीटर, पाच तास. अठ्ठेचाळीस.

पुन्हा केलं. मग अंतर दोनशे चाळीस धरून केलं. अठ्ठेचाळीस. मेंढरांचं केलं. दोन पूर्णांक चार. हळू चालण्यात वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी हळूकडं सरकते. साधी गोष्ट आहे. रोज मेंढरांमागं चालणाऱ्याला पायानं कळेल अशी.

मॅडमनी वैष्णवीचा पेपर माझ्याकडं सरकवला. समासात कच्चं काम. तीन तास, दोन तास, विसांवर मोजलेलं — बारा विसा, पाच तास. त्याखाली ४८. त्यावर एक आडवी रेघ. रेघेच्या खाली, नीट अक्षरात, ५०.

‘आधी बरोबर होतं बघा,’ मॅडम म्हणाल्या. ‘कुणी सांगितलं असेल तिला खोडायला?’

त्यांना माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

ही दोन बरोबर असती तर बत्तीस.


गुरुवार, १५ जानेवारी

काल संक्रांत, लाइन लावली नाही. आज लावली.

आधी संतोष सर येऊन गेले होते. माझा कागद काउंटरवर ठेवला, मोठ्या सहीकडची बाजू वर. ‘शब्दाला जागा, मुंजाभाऊ.’ जागतो म्हणालो. सरांच्या तोंडावर आनंद नव्हता. मला तो हवा होता, म्हणजे भांडता आलं असतं.

बारा एकोणतीस. चार फोन आले. साडेबाराला पाचवा.

म्हणालो, हा शेवटचा वर्ग. वेगाचं गणित मी चुकीचं शिकवलं होतं. अंतर धरून पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज चढवला नाही. मग म्हणालो, वैष्णवीचं बरोबर होतं.

कुणीच ठोका मारला नाही. मी समजलं का विचारलंच नव्हतं.

मग तिचा आवाज. ‘पुन्यांदा सांगा म्हनलं व्हतं ना. तीनदा मारले व्हते.’

‘हो.’

‘मंग?’

 मागून ग्यानबा बोलला, ‘मिस्त्री, उद्यापासून फोन नगा लावू. पोरगी घुटमळती दुपारची. वाजला न्हाई की इसरल.’

लाइन त्यांनी तोडली. पाचपैकी चार अजून चालू होत्या. त्याही एकेक करून गेल्या.


रविवार, १८ जानेवारी

अठरा नोव्हेंबरची नोंद मी पूर्ण लिहिलेली नाही. आज दोन महिने झाले, पूर्ण करतो.

त्या दिवशी खोकी उतरवून झाल्यावर हरीश माझ्या मागं फाटकापर्यंत आला होता. म्हणाला, ‘तुमची फोनची लाइन मी आमच्या पेटीला बाहेरून जोडतो, ठोके आहेत तसे राहतील. दुपारचा वर्ग वेळापत्रकात पक्का करतो, मॅडमच शिकवतील. तुम्ही आमचे इथले तंत्रज्ञ व्हा. मी वर बोललोय. फक्त सहा दिवस ट्रेनिंगला यावं लागेल, संभाजीनगरला, बाकीच्यांसोबत बाकावर. शेवटी एक पेपर असतो.’

मी म्हणालो, मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

पगार महिना चौदा हजार पाचशे.